प्रोसेसर बदलला त्या शनिवारी

माझ्या सासऱ्यांनी ट्रक चालवायचं सोडलं तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. ट्रक कंप्युटरमधला. तरी घरात त्याचं सुतक लागल्यासारखं झालं.

हा खेळ माझ्या लेकीने त्यांना लावला. दहावीच्या सुट्टीत तिने एकेक भाग जमवून तो कंप्युटर स्वतः जुळवला होता, काचेच्या बाजूचा, आत निळे दिवे लागणारा. बारावीनंतर ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा कंप्युटर इथे तमिळ मुलखात, अड्यारच्या घरीच राहिला आणि ती जाताना आजोबांना सांगून गेली, "ताता, आता हे तुझं." मग रोज संध्याकाळी सातला ती हॉस्टेलवर लॅपटॉप उघडायची, आजोबा इथे कानाला हेडफोन लावायचे आणि दोघं दोन ट्रक घेऊन कुठल्या तरी परदेशी घाटातून माल पोचवायला निघायचे. ती पुढे, हे मागे. तासभर. तेवढ्या वेळात दोघांचं जे बोलणं चालायचं ते तंजावरच्या मराठीत. माझी मराठी सांगलीची. वीस वर्षं या घरात काढूनही त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. पुण्यात लेकीच्या मैत्रिणी तिला विचारतात, तू कुठली गं, असं काय बोलतेस? त्यामुळे तिथे ती इंग्रजीत बोलते. तिची स्वतःची भाषा दिवसातून एकच तास बाहेर पडायची, आणि ती ऐकायला अप्पा, म्हणजे माझे सासरे, असायचे.

अप्पा चाळीस वर्षं गिंडीला एका छोट्या कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक बोटाने सांगणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. तेव्हापासून मी आणि माझा नवरा, दोघांनी मिळून त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. सगळं प्रेमानेच. आधी विळी गेली, मग इस्त्री. स्क्रू ड्रायव्हरांची पेटी माळ्यावर गेली. कॉफीचा टंबलर मी अर्धाच भरायला लागले. अप्पा नुसते मांडीवर हात ठेवून बसायचे आणि मांडीवरचा तो हात थरथरत राहायचा, ते बघून आम्हांला वाटायचं, बरं झालं काढून घेतलं ते.

राहिला होता तो ट्रक. आणि एक दिवस सात वाजले तरी अप्पा खोलीतून बाहेर आले नाहीत.

"मज जमत नाही म्मा," ते म्हणाले. "वळणावर गाडी खाली जाते. चार दिवस जालं. ती थांबून थांबून वाट पाहते. हात गेले माझे. तिला सांग, ताताला झोप येते म्हणून."

मी सांगितलंही तसं. खोटं बोलायला माझी जीभ कधी अडत नाही. पण लेक माझ्याच पोटची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तो झोपत नाही सातला. त्याचा ट्रक वळणावर अडकतो ना? नवीन अपडेट आलाय गेमचा. प्रोसेसरला झेपत नाहीये. माझ्या स्क्रीनवर दिसतं, त्याचा ट्रक अर्धा सेकंद गोठतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. हाताने असं होतच नाही."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चार दिवस हा माणूस स्वतःच्या हातांना दोष देत बसला होता आणि चूक होती एका चौकोनी तुकड्याची.

मी लगेच जाऊन त्यांना सांगितलं. अप्पा हसले. मी कुणाचं मन राखायला काय काय बोलते हे त्यांना पाठ आहे. "सरी, सरी," म्हणाले, म्हणजे बरं, बरं, आणि पेपर उघडून बसले. तेव्हा मला कळलं की नुसतं सांगून भागणार नाही. तो प्रोसेसर बदलायचा, खेळ नीट चालवून दाखवायचा आणि मग यांच्याच हाताने ते वळण पार करून घ्यायचं. नाही तर हा एक तासही जाणार, आणि पुढे या हातांना कुणी काही मागणार नाही. ते स्वतःही नाही.

आता मी आयटीत आहे म्हणजे मला कंप्युटर उघडता येत असणार असं सगळ्या आळीला वाटतं. मी आयुष्यात कंप्युटर उघडलेला नाही. मी उघडते ते स्प्रेडशीट. नवऱ्याला विचारावं तर तो गाड्यांच्या कारखान्यात, शनिवारसुद्धा त्याचा तिकडेच जातो. म्हणून मी अप्पांनाच विचारलं, की नवा प्रोसेसर जुन्या मशीनला बसतो का ते कसं बघायचं? खोटं सांगत नाही, मला उत्तर नको होतं. मला त्यांना पेपरमधून उठवायचं होतं.

ते उठले. कपाटातून पाठकोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या. अक्षर आता बारीक आणि वेडंवाकडं येतं, पण तक्ता टूलरूममधलाच. एका बाजूला नव्या प्रोसेसरची मापं, दुसऱ्या बाजूला आपल्याकडच्या बोर्डाची, आणि मधल्या रकान्यात 'बसतें' किंवा 'बसत नाही'. फोनवरून लेक माहिती सांगायची, अप्पा विचारायचे आणि मी लिहायचे, कारण एवढं लिहिणं त्यांना होत नव्हतं. खाच तीच आहे का? पिना तितक्याच आहेत का? जुना पंखा नव्याची उष्णता ओढेल का? वीज पुरवणारा डबा किती वॅटचा, आणि ग्राफिक्स कार्ड धरून एकूण लागणार किती? रॅम चालेल का? असे तीन दिवस गेले. मी मध्येच एकदा वैतागून म्हटलं, "अप्पा, एक वस्तू आणायची आहे, लग्न जुळवायचं नाही." ते म्हणाले, "लग्नांत ठोकून बसवतां येतें. हें नाही येत."

सगळीकडे 'बसतें' आलं. एका रकान्यात मात्र अट निघाली. बोर्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम असतो, बायोस म्हणतात त्याला. चालू करताच तो आधी बघतो की आपल्याला कोणता प्रोसेसर लावलाय. आमच्या बोर्डाचा बायोस जुना, त्याला हा नवा प्रोसेसर ओळखता येणार नव्हता. म्हणून जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस नवा करायचा, आणि मगच तो काढायचा. रिची स्ट्रीटच्या कंप्युटरबाजारातल्या दुकानदारानेही प्रोसेसर देताना हेच बजावलं. अप्पांनी तक्त्याच्या डोक्यावर लाल पेनने एकचा आकडा काढला आणि त्यापुढे लिहून घेतलं, आधी बायोस.

शनिवार ठरला. शनिवारी राहू काळ नऊला लागतो आणि साडेदहाला सुटतो. माझ्या माहेरी अमावस्या पाळतात, राहू काळ कुणाला माहीतही नाही. इथे आल्यापासून मात्र भिंतीवरचं तमिळ कॅलेंडर बघितल्याशिवाय मी केसही कापत नाही. अप्पांचा नियम साधा आहे. नवं काम राहू काळात सुरू करायचं नाही. आधी सुरू केलेलं असलं तर चालू ठेवायला हरकत नाही. आणि सुरू केलं म्हणजे खरोखर हात घातलेला पाहिजे, नुसतं बोललेलं चालत नाही.

सकाळी आठपासून मी पेन ड्राइव्ह घेऊन बायोसच्या मागे लागले होते. मशीनला तो पेन ड्राइव्ह दिसेचना. काढला, घातला, दुसऱ्या खाचेत घातला. पावणेनऊ झाले. अप्पांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मला त्यांचा चेहरा बघवेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हटलं, "अप्पा, घ्या उघडायला. बायोस मागाहून करू. सॉफ्टवेअर आहे, ते कधीही करता येतं."

"लाल पेननें लिहिलें अहे तें," ते म्हणाले.

"मी आयटीतली आहे की तुम्ही?"

आजही हे वाक्य आठवलं की मला माझ्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. मी माळ्यावरची पेटी काढून दिली आणि पहिला स्क्रू त्यांना काढू दिला, मुहूर्तापुरता. नऊला चार मिनिटं होती. मग मी म्हटलं, "आता बसा तुम्ही. पुढचं मी करते, बारीक काम आहे." आणि त्या माणसाने, ज्याने चाळीस वर्षं बारीक कामाशिवाय दुसरं काही केलं नाही, हात मांडीवर ठेवले.

पंखा काढताना त्यांनी एवढंच सांगितलं, की वर ओढू नको, आधी गोल फिरव, खालची पेस्ट सुटू दे. ते ऐकलं म्हणून तेवढं धड झालं. जुना प्रोसेसर निघाला, मी तो एका स्टीलच्या ताटलीत ठेवला. नवा बसवला, पंख्याकडे उष्णता नेणारी पेस्ट लावली, पंखा चढवला, बटण दाबलं. निळे दिवे लागले. पंखे फिरले. स्क्रीन काळीच राहिली.

पाच मिनिटं थांबले, बंद करून परत लावलं, तरी काळीच. बायोस करायला स्क्रीन हवी, स्क्रीनला प्रोसेसर ओळखीचा हवा, आणि ओळखीचा प्रोसेसर ताटलीत. सगळं काढून तो परत घालायचा एवढाच मार्ग होता. अप्पा म्हणाले, "परवाल्लै, कांही बिघडलें नाही. सावकाश." मला सावकाश येत नाही. मी भराभरा पंखा काढला, नवा प्रोसेसर त्याच्या डबीत ठेवला, जुना ताटलीतून उचलला, आणि त्याच्या पाठीवरची पेस्ट ओढणीला लागू नये म्हणून हात वळवला तेवढ्यात तो निसटला. टेबलाच्या कडेवर आपटला आणि खाली फरशीवर पडला.

कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या होत्या.

त्याच्या पोटाला सोन्याचं पाणी दिलेल्या शेकडो पिना असतात, केसासारख्या. त्यातली एक तुटली तरी तो गेला. मी तो तळहातावर धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, मी ओरडते. पण दोन वर्षं ज्या हातांना मी काही धरू दिलं नव्हतं ते हात समोर मांडीवर थरथरत होते, आणि पाडलं होतं मी. धडधाकट हातांनी. मी म्हटलं, "दुकानात नेऊ अप्पा. तिथे करून देतील. एक-दोन दिवस लागतील."

"नक्को," ते म्हणाले. "इकडे दे."

मी दिला नाही लगेच. खरं सांगते, दिला नाही. त्यांनी हात पुढे केला होता आणि तो हलत होता, आणि मी त्या हलणाऱ्या हाताकडे बघत उभी होते. त्यांना ते दिसलं. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, मागे घेतला नाही. मग मी दिला.

त्यांनी खिडकीजवळ खुर्ची ओढली. पेटीतून डोळ्याला लावायचं भिंग काढलं. मग माझ्या लेकीच्या टेबलावरची खटका दाबायची पेन्सिल घेतली, तिच्यातलं शिसं काढून टाकलं आणि पुढची पोकळ धातूची नळी निरखून बघितली. ती नळी पिनेवर बरोबर बसते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी नुसतं माप बघितलं. दोन्ही मनगटं टेबलावर टेकवली. पेन्सिलीचं टोक थरथरत पिनेच्या जवळ गेलं.

टोक पिनेला लागलं आणि हात थांबला.

अगदी थांबला असं नाही म्हणणार, पण कंप म्हणण्यासारखा उरला नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं आम्हांला, पहिल्याच दिवशी. हात रिकामा असला की जास्त थरथरेल, कामाला लागला की कमी होईल. मी ऐकलं होतं, मानही हलवली होती, आणि घरी येऊन पेटी माळ्यावर टाकली होती.

"एकदां वाकली ती ऐकते," ते पिनेकडेच बघत म्हणाले. "दोनदां वाकली तरी ऐकते. तिसऱ्यांदा तुटते. म्हणून एकदांच करायचें." पहिली पिन सरळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या पिनेपाशी ते थांबले, भिंग काढून डोळे पुसले, हात टेबलावर ठेवला तसा तो पुन्हा थरथरायला लागला. मी हळूच म्हटलं, "अप्पा, हात ठेवू नका ना खाली." ते हसले, भिंग लावलं आणि तिसरी सरळ केली. मग प्रोसेसर खिडकीच्या उजेडात आडवा धरून सगळ्या रांगा दोन्ही बाजूंनी बघितल्या. आणि तो खाचेवर ठेवला, दाबला नाही, नुसता सोडला. तो आपणहून आत बसला.

"बसतें," ते म्हणाले.

स्क्रीन लागली. पेन ड्राइव्ह का दिसत नव्हता ते मला आता पाच मिनिटांत सापडलं. तो चुकीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, माझंच काम आणि माझीच चूक. बायोस नवा होत होता तेवढा वेळ आम्ही घरात कुठलंही बटण दाबलं नाही, न जाणो करंट गेला तर. मग जुना काढला, नवा बसवला. मी म्हणजे, त्यांनी. मी पेस्ट आणि पंख्याचे स्क्रू हातात देत होते. त्यांनी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी टाकली आणि म्हणाले, की गिंडीला दोन पत्रे एकमेकांना कुठे टेकतात ते बघायला ते असाच जरासा निळा रंग लावायचे. जास्त लावला की खोटं बोलतो. या वेळी स्क्रीन पहिल्या झटक्यात लागली. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"राहू काळातच सगळं बिघडलं बघा," मी म्हटलं, जरा त्यांच्या बाजूने बोलावं म्हणून.

"राहूनें तुज सांगितलें का, लाल पेन वाचूं नको म्हणून?" ते म्हणाले. मी चहा ठेवायला गेले.

संध्याकाळी सातला ते खुर्चीत बसले. मी भाजी निवडायचं निमित्त काढून दारातल्या स्टुलावर बसले. लेक पुढे, हे मागे. घाट लागला. हेडफोनमधून तिचा आवाज बारीक ऐकू येत होता. ते नेहमीचं वळण मला आता लांबूनही ओळखता येतं, डावीकडे पांढरा कठडा आणि खाली दरी. अप्पांनी गिअर उतरवला. ट्रक वळला, कठड्याला धरून गेला आणि सरळ रस्त्याला लागला. कुठे अडकला नाही, कुठे उडी मारली नाही. पलीकडून लेक काही तरी म्हणाली.

अप्पांनी गिअर पुन्हा चढवला. मग म्हणाले, "होय कण्णा. मशीनच होतें. हात बरे अहेत माझे."

माझ्या मांडीवरच्या ताटात शेंगा तशाच होत्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात ग्राइंडर होता. महिनाभर त्याचा पट्टा सरकत होता, इडलीचं पीठ अर्धवट वाटलं जायचं, आणि मी एका मेकॅनिकला रविवारी यायला सांगून ठेवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अप्पांनी महिनाभर त्या पट्ट्याचा आवाज ऐकला होता. एकदाही म्हणाले नव्हते, की मी बघू का. मी मेकॅनिकला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग कॉफी केली आणि त्यांचा टंबलर काठापर्यंत भरला.

खेळ संपल्यावर तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी टंबलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उचलला. थोडी कॉफी टंबलरखालच्या वाटीत, डबऱ्यात सांडली. आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

"अप्पा," मी म्हटलं, "उद्या ग्राइंडरचा पट्टा बघाल का? फार त्रास देतोय."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली.

"उद्या रविवार. साडेचाराला राहू लागतो," ते म्हणाले. "सकाळींच पेटी काढून ठेव."